काविळीची साथ आणि घरातली गरोदर बाई

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात ‘त्यांच्या घरी कावीळ झालीय’ हे आपण ऐकतोच. मग कुणी उसाचा रस आणतं, कुणी माळ घालायला नेतं. काविळी अनेक प्रकारच्या असतात. आज बोलणार आहे ती दूषित पाण्यातून येणाऱ्या एका विषाणूबद्दल, हेपॅटायटिस ई. हा विषाणू माणूस बघून वागतो. वय बघतो आणि बाई गरोदर आहे का, हेही बघतो.

गोष्ट दिल्लीपासून सुरू करू. १९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेला पूर आला. पूर ओसरताना नदीचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादला, शहरासाठी जिथून पाणी उचललं जातं, तिथपर्यंत जाऊन पोचलं. पाणीखात्याच्या लोकांना हे कळलं होतं. त्यांनी क्लोरीन वाढवलं आणि ते कामीही आलं, कारण टायफॉइडची साथ आली नाही. पण डिसेंबर-जानेवारीत काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण निघाले. जिवाणू मेले होते, विषाणू मात्र तग धरून राहिला होता.

तेव्हाच्या डॉक्टरांनी एक गोष्ट टिपून ठेवली. रुग्णांत लहान मुलं कमी होती. बहुतेक जण पंधरा ते चाळीस वयाचे, म्हणजे ऐन उमेदीतले. आणि गरोदर बायकांमधले मृत्यू इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. साथीत म्हातारे नि लेकरं आधी जातात, असं आपण धरून चालतो. इथे सगळं उलटं होतं.

त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. पुढे हेपॅटायटिस ए, म्हणजे पाण्यातूनच येणारी दुसरी कावीळ, ओळखणारी चाचणी आली, तेव्हा ते नमुने, अहमदाबादच्या साथीतले आणि पुण्याच्या १९७८-७९ च्या साथीतले नमुने तपासले गेले. या कामात पुण्याच्या, आज आपण एनआयव्ही म्हणतो त्या विषाणू संस्थेतले शास्त्रज्ञ होते. खोरशेद पावरी त्यांतल्या एक. १९८० मध्ये निष्कर्ष छापून आला: ही कावीळ ए नव्हे, बी नव्हे, तिसरीच काहीतरी आहे. तिलाच पुढे ई हे नाव मिळालं. त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू तिथल्या १९७८ च्या साथीचा माग काढत याच निष्कर्षाला पोचले. १९८३ मध्ये मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने तर अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला, कावीळ ओढवून घेतली आणि स्वतःच्या विष्ठेत विषाणू शोधला. असलं धाडस कुणी करू नये, पण विषाणू सापडला तो असा.

आता गरोदरपणाकडे येऊ. एरवी धडधाकट माणूस या काविळीतून काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र शंभर आजारी बायकांमागे वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. यकृत एकाएकी काम सोडतं, रक्त गोठेनासं होतं, बाळही वाचत नाही. असं का होतं, हे शास्त्राला अजून पुरतं उलगडलेलं नाही. गर्भ नाकारला जाऊ नये म्हणून शरीर आपली प्रतिकाराची घडी बदलतं, संप्रेरकं कितीतरी पटींनी वाढतात, त्यात भर अर्धपोटी राहण्याची, फोलेट या जीवनसत्त्वाच्या कमतरतेची. घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई कोण असते, हे तुम्हाला सांगायला नको.

पण नुसतं ‘बाईचं शरीर’ म्हणून हात झटकता येत नाहीत. युरोपात हाच विषाणू वेगळ्या वाणाचा आहे. तो मुख्यतः डुकराच्या कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून येतो आणि तिथे आजारी पडतात ते बहुतकरून पन्नाशीच्या पुढचे पुरुष. गरोदर बायका त्याने अशा दगावत नाहीत. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या काही खेड्यांत ८० टक्क्यांहून जास्त गरोदर बायकांच्या रक्तात या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या, तरी गंभीर आजाराच्या नोंदी नव्हत्या. बहुधा लहानपणीच संसर्ग होऊन गेला असावा, वाणही सौम्य असावा. म्हणजे कोण किती धोक्यात आहे, हे विषाणूचा वाण, तो कशातून येतो आणि कोणत्या वयात गाठतो, यावर ठरतं.

वयाचं गणित हेपॅटायटिस ए मध्ये आणखी स्पष्ट दिसतं. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना ए चा संसर्ग होतो तेव्हा डोळे पिवळेही होत नाहीत. मोठेपणी झाला तर मात्र बहुतेकांना कावीळ होते. त्यामुळे स्वच्छ पाण्यात वाढलेला तरुण पहिल्यांदा बाहेरगावी शिकायला गेला की वसतिगृहात आडवा पडतो. हे स्वच्छतेविरुद्ध बोलणं नव्हे. ए ची लस आहे, ती घ्यावी, इतकंच.

ई वरची लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली. साथ आटोक्यात आणायला तिचा पहिला वापर २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊच्या विस्थापितांच्या छावणीत झाला, आणि तिथे गरोदर बायकांनाही ती दिली गेली.

आपल्याकडे काय? २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा पंचगंगेच्या पाण्यावरून किती वादळ उठलं, ते त्या भागातल्या श्रोत्यांना आठवत असेल. अशा वेळी घरोघरी जे होतं, ते मला जास्त टोचतं. गरोदर सुनेचे डोळे पिवळे दिसले की आधी तेल-तूप बंद, मग पथ्याचा भात, मग माळ. माळ उतरेपर्यंत दवाखान्याचं नाव नाही. माळ घालायची तर घाला, पण त्याच दिवशी रक्त तपासा. तिचं जेवण तोडू नका. उसाचा रस चांगला, पण गुऱ्हाळातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कोण बघतं? झोपाळलेली दिसली, असंबद्ध बोलू लागली, हिरड्यांतून रक्त आलं, उलट्या थांबेनात, तर पंचायत न करता मोठ्या रुग्णालयात हलवा. तापावरच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नका.

आणखी एक. विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत पाच-सहा आठवडे जातात, कधी दहाही. म्हणून फुटलेली पाइपलाइन दुरुस्त झाली, ग्रामपंचायतीने तसं जाहीर केलं, तरी पुढचे दोन-अडीच महिने नवे रुग्ण निघत राहतील. तेवढे दिवस घरातल्या गरोदर बाईचे डोळे रोज उजेडात बघा. आणि तिचं पिण्याचं पाणी बाळंतपणापर्यंत उकळूनच द्या, चांगलं खळखळून.

नमस्कार.