काचेत पाणी दिसत होतं, बॉयलर कोरडा पडत होता

नमस्कार मंडळी. आज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून बोलतोय. मागे चिमणी दिसतेय ना, तशाच एका चिमणीखाली मी सहा वर्षं काढली. टॉवेलचं डाईंग, त्याला लागणारी वाफ आणि वाफेसाठी बॉयलर. कारखान्याचं नाव घेणार नाही, पण एका रात्री तिथे काय झालं ते सांगतो.

पहाटे साडेतीनच्या सुमाराला भट्टीतून फस्स आवाज आला आणि आगीवर वाफ पडायला लागली. फ्युजिबल प्लग वितळला होता. हा प्लग भट्टीच्या माथ्याला बसवतात. वरचं पाणी उतरलं की तो तापून वितळतो आणि वाफ आगीवर सोडतो. म्हणजे पाणी धोक्याच्या खाली गेलं होतं. कुणाला इजा झाली नाही. सकाळी आठला चौकशी बसली, दहाला निकाल लागला: फायरमनचा निष्काळजीपणा. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. एकवीस वर्षांचा अनुभव, बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट. ते एकच सांगत होते, "काचेत पाणी होतं ओ. मी बघितलंय." दुपारपर्यंत त्यांना घरी बसवलं.

अण्णा खरं बोलत होते.

(काचेची नळी हातात घेऊन) ही गेज ग्लास. वरचा कॉक वाफेच्या बाजूला, खालचा पाण्याच्या बाजूला, म्हणून आतली पातळी इथे दिसते. आता खालच्या वाटेत क्षार साचून ती तुंबली असं धरा. बोअरच्या पाण्यावर हे लवकर होतं. वरून वाफ येत राहते, काचेत थंड होऊन तिचं पाणी होतं, आणि ते पाणी खाली उतरू शकत नाही. काच भरते. आत पाणी कमी होत असताना काच भरलेली दिसते! हे पकडायलाच प्रत्येक पाळीत काच ब्लो करायची असते, म्हणजे खालचा ड्रेन कॉक उघडून काचेतलं पाणी सोडायचं आणि ते परत भरतं का बघायचं. आमच्याकडे ड्रेन कॉक जाम झाला होता. अण्णांनी लॉगबुकात दोनदा लिहिलं होतं. लो वॉटर अलार्म विनाकारण वाजतो म्हणून कुणीतरी त्याची वायर काढून ठेवली होती.

लॉगबुकातलं हे वाचलं तेव्हा मला थ्री माईल आयलंड आठवलं. २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं अणुवीज केंद्र. एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, पण पॅनलवरचा दिवा तो बंद आहे असं सुचवत होता. तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता, बंद होण्याचा आदेश गेला की नाही एवढंच दाखवत होता. त्यात प्रेशरायझरची, म्हणजे अणुभट्टीतल्या पाण्याचा दाब सांभाळणाऱ्या टाकीची, पातळी भरलेली दिसली, म्हणून ऑपरेटरनी आत जाणारं थंड पाणी कमी केलं. अणुभट्टीच्या गाभ्याचा बराच भाग वितळला. तिथला दिवा, इथली काच.

त्यानंतर मानवी चुकीचा हिशोब मांडण्याच्या कामाला अणुउद्योगात मोठा जोर आला. १९८३ साली सँडिया प्रयोगशाळेच्या स्वेन आणि गटमन यांची 'थर्प' ही पद्धत जाडजूड पुस्तकातून आली. त्याच दशकात ब्रिटनमध्ये जेरी विल्यम्स यांनी 'हार्ट' मांडली. आज यासाठी सॉफ्टवेअर आहेत: 'ईपीआरआय' या अमेरिकी वीज संशोधन संस्थेचं एचआरए (मानवी चुकीचा हिशोब) कॅल्क्युलेटर आहे, अमेरिकेच्या अणुनियामक आयोगासाठी आयडाहोच्या प्रयोगशाळेने केलेलं 'सॅफायर' आहे. पडद्यावर काहीही दिसो, आत काय चालतं ते समजलं की भीती जाते. आपण 'हार्ट' साध्या एक्सेलमध्ये मांडू.

(लॅपटॉप कॅमेऱ्याकडे वळवून) आधी कामाचा प्रकार. काच बघून पातळी ठरवणं हे रोजचं, हातात बसलेलं, पटकन होणारं काम. 'हार्ट'मध्ये अशा कामाचा मूळ आकडा ०.०२, म्हणजे १०० वेळांत २ चुका. मग चूक वाढवणाऱ्या परिस्थितींची यादी, एकूण ३८. घाईला जास्तीत जास्त ११ पट. तेवढी घाई आमच्याकडे नव्हती, पण कोळसा ओढणं, राख काढणं, फीड पंप बघणं सगळं एकट्या माणसावर होतं, म्हणून दहावा हिस्सा धरू. ११ मधून १ गेला, राहिले १०, त्याचा दहावा हिस्सा १, त्यात परत १ मिळवला: २ पट. दुसऱ्या कुणाची स्वतंत्र तपासणी नाही, याला जास्तीत जास्त ३ पट. त्याच रीतीने निम्मं धरलं, तर २. यंत्राकडून मिळणारी माहिती संदिग्ध, याला ४ पट; निम्मं धरलं, तर अडीच. आता गुणा. ०.०२ गुणिले २ गुणिले २ गुणिले अडीच: ०.२. पाचातली एक वेळ!

आता हा रकाना बघा. काच आणि अलार्म दुरुस्त केले की अडीच पट जातं आणि आकडा ०.०८ वर येतो. त्याऐवजी नुसता मदतनीस दिला तर घाईचं २ पट जातं आणि आकडा ०.१. आणि अण्णांना काढलं तर? नवीन माणूस येतो. ऑपरेटरच्या अननुभवाला यादीत ३ पट आहे. निम्मं धरा, २. ०.२ चे ०.४ झाले. चौकशीने त्या दिवशी जो 'उपाय' केला, त्याने धोका दुप्पट केला. हे मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो.

०.२ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. 'निम्मं' कुणी ठरवलं? मी. दुसरा माणूस वेगळं धरेल. म्हणून मी या आकड्यांचा उपयोग आधी काय दुरुस्त करायचं हे ठरवण्यापुरताच करतो. यादीतलं एक कलम तर मला अजून पटत नाही: झोपेचं चक्र बिघडणं, जास्तीत जास्त १.१ पट. सोलापूरच्या मे महिन्यात दिवसा पत्र्याखाली झोपून रात्री बॉयलरसमोर उभं राहणाऱ्याला हे विचारा.

आता 'थर्प'मधली एक गोष्ट, कारण इथे भल्याभल्यांचं गणित चुकतं. लॉगबुकात दोन सह्या असतात, फायरमनची आणि सुपरवायझरची. दोघांची चूक १०० त १ धरली आणि गुणाकार केला तर १०,००० त १. ऐकायला छान. पण सुपरवायझर आधीची नोंद बघून 'लेव्हल ओके' लिहीत असेल, तर दोन तपासण्या स्वतंत्र राहत नाहीत. 'थर्प'मध्ये अशा अवलंबित्वाच्या पाच पायऱ्या आहेत. 'जास्त' या पायरीचं सूत्र: दुसऱ्याच्या चुकीच्या शक्यतेत १ मिळवा, २ ने भागा. १.०१ भागिले २, म्हणजे ०.५०५. पहिला चुकला तर दुसराही निम्म्याहून जास्त वेळा चुकणार. १०,००० त १ चं झालं साधारण २०० त १.

आपल्या सोलापूर स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीत लोको पायलट आणि असिस्टंट सिग्नल मोठ्याने एकमेकांना सांगतात. त्याची ताकद दोघांनी आपापल्या डोळ्यांनी बघण्यात आहे. एकाचं ऐकून दुसऱ्याने तेच म्हटलं, तर आवाज दोन आणि डोळे एकाचेच. लॉगबुकाचंही तेच. सुपरवायझरने आधी स्वतःच्या कागदावर पातळी लिहावी, मगच वही उघडावी. खर्च शून्य.

ही शीट मराठीत करून खाली दिली आहे. ऑफिसात बसून भरू नका. एक अख्खी रात्रपाळी फायरमनच्या शेजारी स्टूल टाकून बसा आणि त्यालाच विचारा, "अण्णा, यातलं काय काय जाम आहे?" तो सांगेल त्या शब्दांत पहिला रकाना भरा. लॉगबुक मागे चाळून तीच तक्रार आधी कुठे लिहिली आहे का, तेही बघा. तारीख सापडली तर ती शेजारच्या रकान्यात टाका.