तगर ते तेर

श्रोतेहो, नमस्कार. मराठवाड्यातील जुनी स्थळे पाहायला निघालेला प्रवासी बहुधा वेरूळ-अजिंठ्याला जातो, भवानीच्या दर्शनाला तुळजापूरला येतो आणि तेथून परतीची गाडी धरतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव त्या वाटेपासून फार दूर नाही; तरीही तेथे येणारे बहुतेक जण गोरोबाकाकांच्या समाधीला हात जोडून लगेच निघतात. तेरणेच्या काठच्या या गावात समाधीखेरीज काय पाहता येईल, ते आज सांगणार आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरे आणि त्यांचा व्यापार यांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. गुजरातेतील भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांवर 'तगर' हे फार मोठे नगर आहे, तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येते, असे त्यात म्हटले आहे. हे तगर म्हणजेच आजचे तेर. त्याने सांगितलेली दिशा मात्र तंतोतंत जुळत नाही, कारण तेर पैठणच्या आग्नेयेस आहे. त्यामुळे तगर म्हणजे जुन्नर, देवगिरी की धारूर, असा वाद अभ्यासकांत बराच काळ चालला आणि 1901 मध्ये शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरच, हे साधार मांडल्यावर तो मिटला. या नगराचा लौकिक किती टिकला असेल, याची कल्पना शिलाहारांच्या बिरुदावरून येते. अंबरनाथचे शिवमंदिर ज्यांच्या काळात उभे राहिले, ते कोकणचे राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, म्हणवून घेत, आणि कोल्हापूरच्या शिलाहारांनीही हेच बिरुद मिरवले.

एवढे ऐकून भव्य तटबंदी आणि कोरीव खांबांची अपेक्षा धरून आपण तेरला गेलात, तर निराशा होईल. तगर हे व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे नगर होते, ते प्रामुख्याने विटामातीचे होते आणि माती शेवटी मातीतच मिसळते. गावाभोवती दिसणाऱ्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढरट मातीच्या, टेकड्या हेच त्याचे अवशेष होत. काळ्या रानाच्या मधोमध या टेकड्या उठून दिसतात. पाऊस पडून गेला की त्यांच्या उतारावर खापरे, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. मराठवाड्यात अशा पांढरीची माती घरांसाठी आणि शेतांसाठी गाड्या भरभरून नेली गेली, आणि तिच्याबरोबर किती इतिहास गेला याचा हिशेब आता कोणालाच मांडता येणार नाही. त्यामुळे आपल्या पायाशी एखादे खापर आले, तर ते पाहावे आणि तेथेच ठेवावे. ते कोणत्या थरावर, कशाच्या शेजारी पडले होते हे कळले, तरच अभ्यासकाला त्याचा उपयोग होतो.

या पांढरीतून निघालेल्या वस्तू वाचल्या, त्याचे मोठे श्रेय गावातल्याच एका माणसाला जाते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय संग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. माझ्या मते तेरच्या भेटीचा निम्मा वेळ येथे द्यावा. पांढऱ्या केओलिन मातीच्या, साच्यांत घडवलेल्या मूर्ती, मण्यांचे नाना प्रकार आणि रोमन नाण्यांचे छाप घेऊन केलेली मातीची पदके येथे पाहायला मिळतात. पण हस्तिदंती स्त्रीमूर्तीपुढे थोडे अधिक थांबावे. इटलीत, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे आणि तेरला मिळालेल्या मूर्तींशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा तेरणाकाठ आणि भूमध्य समुद्र यांच्यातील व्यापार केवळ ग्रंथातला नव्हे.

गावात त्रिविक्रमाचे मंदिर आहे. पुढचा मंडप ओलांडून मंदिराच्या पाठीमागे अवश्य जावे, कारण तेथे भिंत चौकोनी न राहता अर्धवर्तुळाकार वळते आणि वर गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे गोलसर, छत दिसते. कार्ले-भाज्याला कातळात कोरलेल्या चैत्यगृहाचा, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचा, आकार येथे विटांत बांधलेला आहे. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावे आणि पुढे त्यात विष्णूची स्थापना झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. विटांचे असे जुने बांधकाम देशात फार थोड्या ठिकाणी उभे राहिले आहे. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील मंदिर हे त्यांपैकी एक. तेरची जुनी वीट भुसा मिसळून भाजलेली असल्याने इतकी हलकी होते की पाण्यावर तरंगते. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचेच आहे आणि त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट आता संग्रहालयात जपलेली आहे.

हे सारे पाहून मग गोरोबाकाकांच्या समाधीला जावे. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे मडके कोणते ते सांगणाऱ्या, आणि नामदेवांनाही न सोडणाऱ्या या कुंभाराची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. मातीच्या कामाची हजार-बाराशे वर्षांची परंपरा आधीच मुरलेल्या गावात हा संत जन्मला, हे संग्रहालय पाहून आल्यावर अधिक जाणवते.

हाताशी आणखी एक दिवस असेल, तर याच जिल्ह्यात परंडा आणि नळदुर्ग हे दोन किल्ले आहेत. परंड्याचा बंदोबस्त लष्करी दृष्टीच्या माणसाला आवडेल. विजापूरची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ पूर्वी येथे होती. मला मात्र नळदुर्ग अधिक आवडतो. तेथे बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातील हे काम आहे. बंधाऱ्यावरून कोसळणारे नर आणि मादी हे दोन धबधबे पाहायचे असतील, तर चांगला पाऊस होऊन नदी भरून वाहू लागल्यावरच जावे. महालाचे दालन निवांत पाहायचे असेल, तर पाणी ओसरल्यानंतरचा, हिवाळ्याच्या सुरुवातीचा काळ बरा. नमस्कार.