काखेत मावणारी रेल्वे

चार फूट बाय दोन फुटांचा हा बोर्ड दिवसभर कपाटामागे उभा असतो. रात्री जेवणाचं टेबल रिकामं झालं, की तो आडवा होतो आणि त्यावर एन गेजची, म्हणजे अगदी छोट्या मापाची, मॉडेल रेल्वेगाडी धावते. दोन रुळांमधलं अंतर फक्त 9 मिलिमीटर.

कोथरूडला जोशींच्या संग्रहालयात छोट्या गाड्यांचं अख्खं शहर 1998 पासून कायमचं मांडलेलं आहे. तिथे बोर्ड किती जड, हे कोण विचारतो? आमच्या दोन खोल्यांत मात्र तोच पहिला प्रश्न.

पहिला बोर्ड 12 मिलिमीटर एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, केला. गुळगुळीत, स्वस्त. पण नुसती फळीच साडेसहा किलोच्या आसपास. खाली लाकडी पट्ट्या मारल्यावर ती हलवायला शेजारच्या काकांना हाक मारावी लागायची. पावसाळ्यात एक कड ओली झाली, फुगली, ती फुगलीच. एमडीएफ पुन्हा बसत नाही.

मग थर्माकोल. मखरामुळे हात बसलेला होता. पण कापताना मणी उडाले आणि त्यातले काही थेट इंजिनाच्या दातेरी चाकांत जाऊन बसले. तो नाद तिथेच सोडला.

शेवटी गच्चीवर ऊन अडवायला घालतात ती एक्सपीएसची, म्हणजे थर्माकोलच्याच जातीच्या घट्ट फोमची, शीट आणली. 50 मिलिमीटर जाड, आणि तेवढ्याच मापाला वजन जेमतेम सव्वा किलो! यात मणी नसतात. धारदार कटरने हवा तसा उतार काढा, रुळांच्या खाली ओढ्याचं पात्र कोरा, त्यावर पूल टाका. सपाट फळीवर डोंगर चढवता येतो, पण दरी कुठून आणणार?

खोडीही आहेत. रबर सोल्युशन लावलं आणि बघता बघता शीटला खड्डा पडला. पांढरा गोंद चालतो, पण दोन शीटच्या मध्ये हवा पोचत नाही, म्हणून तो दिवसेंदिवस ओलाच. स्क्रू धरत नाही. कोपरा दाराला घासला, की तुकडा गेला.

म्हणून भोवती 6 मिलिमीटर प्लायच्या तीन इंची पट्ट्यांची चौकट, मध्ये एक आडवी, आणि वर शीट. रुळांचा सांधा बदलणाऱ्या मोटरसाठी खालून प्लायचा तुकडा चिकटवला, स्क्रू त्यालाच. रूळ सोडून सगळं मिळून अडीच किलो.

साडेअकराला गाडी यार्डात लागते. डबे खोक्यात जातात, वायर सुटते. मी बोर्ड काखेत मारतो आणि दारातून जरा तिरका होऊन निघतो.