देवाशी भांडायची मुभा

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणतात, "आपण प्रार्थना करू या." बायका डोक्यावरचा पदर सारखा करतात, माना खाली जातात. मग नेहमीच्या क्रमाने देवाची स्तुती, उपकारस्मरण, पापांची कबुली, आजाऱ्यांसाठी आणि परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी विनंती. सगळं रीतसर. पण एक गोष्ट त्यात सहसा नसते, ती म्हणजे तक्रार. आणि पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, तर ती जागोजागी सापडते.

बायबलातल्या स्तोत्रसंहिता या पुस्तकातली 150 स्तोत्रं काढून बघा. त्यातली कितीतरी विलापाची आहेत. 13व्या स्तोत्रात पहिल्या दोनच वचनांत चार वेळा देवाला विचारलंय, कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार? पाचव्या वचनाला सूर पालटतो, भरवसा परत येतो. 88वं स्तोत्र मात्र शेवटपर्यंत पालटत नाही. हा माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतोय, जिवलग दुरावलेत, आणि स्तोत्र संपतं ते अंधारात. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांनी हे गाळलं नाही, की शेवटी एखादं गोड वचनही चिकटवलं नाही. मला त्यांचं हे धाडस फार मोलाचं वाटतं.

येशूने शिष्यांना देवाला बाप म्हणायला शिकवलं. आता बापापाशी लेकरू हट्ट धरतं, रुसतं, भांडतंसुद्धा. परक्यापुढेच आपण सभ्यपणे दोन शब्द बोलून निघून येतो. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने स्वतः तीनदा प्रार्थना केली, की हा प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख आणि मरण, टळो. तो टळला नाही. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" एवढंच आपण उचलतो आणि त्याआधीचं मागणं सोडून देतो. पुढे वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलं ते 22व्या स्तोत्राचं पहिलं वचन: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? देवाने टाकलं असं वाटत असतानाही गाऱ्हाणं देवापाशीच.

हे मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. जनाबाई विठोबाला शिव्या घालते, तुकोबा त्याला धारेवर धरतात. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत, की तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो. त्यांची भजनं आजही आपल्या मंडळ्यांत पेटी-तबल्यावर म्हटली जातात.

नगरकडच्या एका घरगुती प्रार्थनासभेत मी एका आजींना ऐकलंय. "बापा, विहीर आटली. तुला दिसतंय ना? मग बसलायस काय?" शेजारची बाई डोळे उघडून बघतच राहिली. आजींनी "आमेन" म्हटलं आणि सुनेला चहाचं आधण ठेवायला सांगितलं.

म्हणून पाळकांना माझी एक सूचना आहे. ईस्टरच्या आधी येणाऱ्या उपवासकाळात एका रविवारी 88वं स्तोत्र पूर्ण वाचा. त्यावर उपदेश नको. आणि वाचून होताच पेटीवाल्याने लगेच आनंदाचं भजन सुरू करू नये, एवढं त्याला आधीच सांगून ठेवा.