रक्तस्राव, एक जुनं औषध आणि पहिले तीन तास

श्रोतेहो, नमस्कार.

बाळंतपणानंतर थोडंफार अंगावरून जातंच. घरातल्या मोठ्या बायकांना ते ठाऊक असतं, म्हणून सुरुवातीला कुणी घाबरत नाही. पण अर्धा लिटरच्या वर रक्त गेलं की डॉक्टरांच्या लेखी तो धोक्याचा रक्तस्राव ठरतो. सुदृढ दिसणारी बाईही त्यात काही तासांत हाताबाहेर जाऊ शकते. आज मी बोलणार आहे ते अशा वेळी दिल्या जाणाऱ्या एका स्वस्त औषधाबद्दल. नाव थोडं अवघड आहे: ट्रानेक्झॅमिक आम्ल. त्याहून जास्त बोलायचंय ते त्याचा खरा उपयोग कळायला इतका उशीर का लागला, याबद्दल.

जखम झाली की रक्तात फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि त्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. पण शरीर एवढ्यावर थांबत नाही. ती गुठळी विरघळवणारं प्लाझ्मिन नावाचं विकरही रक्तातच तयार होतं. एरवी हे आवश्यकच, नाहीतर रक्तवाहिन्या तुंबतील. मोठ्या अपघातात किंवा बाळंतपणात मात्र हे विरघळवणं कधी कधी भलतंच जोरात सुरू होतं. इकडे गुठळी बनतेय आणि तिकडे ती विरघळतेय, अशी गत होते. विरघळवणारं हे विकर फायब्रिनला लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी जाऊन चिकटतं. ट्रानेक्झॅमिक आम्लाची घडण लायसिनसारखीच असते, त्यामुळे ते विकराची ती पकडच अडवून धरतं आणि गुठळी टिकते.

हे औषध शोधलं जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्यानं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हलाखीत, हाताशी फारसं काही नसताना त्यांनी रक्तावर काम सुरू केलं. आधी एक कमी ताकदीचं रसायन सापडलं, मग 1962 मध्ये त्यापेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी असं हे. उताकोबाईंच्या मनात पहिल्यापासून बाळंतिणीच होत्या. पण त्यांच्या शहरातल्या प्रसूतितज्ज्ञांनी ते वापरून पाहायला उत्साह दाखवला नाही. औषध वापरात आलं ते दात काढताना, शस्त्रक्रियेत आणि पाळीत जास्त जाणाऱ्या बायकांसाठी.

अशीच चाळीसएक वर्षं गेली. पेटंट संपलेल्या, स्वस्त औषधावर प्रचंड खर्चाची चाचणी कोण करणार? माझ्या मते खरी मेख इथेच आहे. शेवटी लंडनच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी, मुख्यतः ब्रिटनच्या सरकारी निधीतून, अपघातग्रस्तांवर ‘क्रॅश-2’ ही चाचणी केली. 40 देश, 274 रुग्णालयं, 20,211 रुग्ण. त्यात भारतातली रुग्णालयंही होती. निम्म्या रुग्णांना औषध मिळालं, निम्म्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं द्रावण, आणि कुणाला काय दिलंय हे उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नव्हतं. 2010 मध्ये निकाल आला. औषध न मिळालेल्यांत 16 टक्के दगावले, मिळालेल्यांत साडेचौदा. आकडा लहान वाटतो, पण हजार जखमींमागे पंधरा माणसं घरी परत गेली, असा त्याचा अर्थ.

पुढच्या वर्षी याच माहितीची फोड केली तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि ती मला मूळ निकालाहून मोठी वाटते. इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत औषध दिलं तर फायदा, तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू उलट वाढलेले. पुढे दोन मोठ्या चाचण्यांतले 40 हजारांहून अधिक रुग्ण एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की दर पंधरा मिनिटांच्या उशिरामागे फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो.

त्या दोन चाचण्यांतली दुसरी म्हणजे ‘वुमन’ चाचणी. 21 देशांतल्या 20,060 बाळंतिणी. 2017 चा निकाल असा: तीन तासांत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावानं 89 जणी गेल्या, न मिळालेल्यांत 127. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मात्र कमी झाल्या नाहीत, कारण अनेकदा तो निर्णय औषध देण्याच्या सुमारासच झालेला असायचा. कोणत्याही कारणानं झालेले मृत्यू धरले तर फरक तितका ठाम उरत नाही, असं टीकाकार म्हणतात, आणि ते खोटं नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच वर्षी शिफारस केली: एक ग्रॅम, शिरेतून, सावकाश दहा मिनिटांत, बाळंतपणापासून तीन तासांच्या आत. गर्भाशय आकसावं म्हणून दिली जाणारी औषधं चालू ठेवूनच. उताकोबाईंना हे पाहायला मिळालं नाही. 2016 मध्ये, वयाच्या 98व्या वर्षी त्या गेल्या.

आता कुणाला वाटेल, मग कुठलाही रक्तस्राव असो, द्या हेच. तसं नाही. पोटात, आतड्यात रक्तस्राव झालेल्या 12 हजारांवर रुग्णांमध्ये 2020 साली त्याचा काहीच लाभ दिसला नाही, वर शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलं. पांडुरोग असलेल्या बाळंतिणींना रक्तस्राव सुरू होण्याआधीच ते देऊन पाहिलं, तेही वाया गेलं. म्हणून घरात उरलेली गोळी शेजारणीला देऊ नका, एवढं सांगतो.

सध्या प्रश्न आहे तो सुईचा. शिरेतून औषध द्यायला सराईत हात लागतो, आणि रात्री उपकेंद्रात तो असेलच असं नाही. स्नायूत टोचलेलं औषध सुमारे पंधरा मिनिटांत रक्तात पुरेसं पोचतं, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. तेवढ्यानं जीव वाचतात का, हे मात्र पुन्हा हजारो बायकांवरच्या चाचणीतूनच ठरेल. तोवर बाळंतीण रुग्णवाहिकेत चढवताना एक गोष्ट नक्की करा: बाळ किती वाजता झालं ते कागदावर लिहा आणि कागद सोबत द्या. पुढचा डॉक्टर आधी तेच विचारेल.