तिळाएवढा गळ

[पहाट. नदीवरून वाफ उठते आहे. काठच्या गवतावर गोठलेलं दहिवर. फक्त पाण्याचा आवाज.]

जानेवारी महिना. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याचा उत्तरेकडचा कोपरा, आणि ही सान हुआन नदी. हवा शून्याखाली गेली आहे, पण पाणी सहा-सात अंशांवर आहे. हवेपेक्षा नदी ऊबदार, म्हणून ती अशी वाफाळते.

मांडीभर पाण्यात एक माणूस उभा आहे. हातात नऊ फुटांची काठी. बराच वेळ झाला, त्याने दोरी टाकलेली नाही. तो नुसता बघतो आहे.

तिकडे, पलीकडच्या संथ पाण्यावर, एक वर्तुळ उमटलं. पावसाचा एखादा थेंब पडावा, एवढंच. त्या वर्तुळाखाली जवळजवळ किलोभराचा ट्राउट मासा आहे, आणि त्याने आत्ता जे गिळलं ते तिळापेक्षा मोठं नव्हतं.

[तळहाताच्या रेषेवर ठेवलेला एक गळ. कॅमेरा जवळ जातो.]

हा गळ २६ नंबरचा. गळांच्या नंबरांचं गणित उलटं असतं; नंबर चढत जातो तसा गळ लहान होतो. बारा नंबरचा गळ करंगळीच्या नखावर जेमतेम मावतो. चोवीस, सव्वीस म्हणजे तीळ. त्याच्याही पुढे बत्तीसपर्यंत गळ बनतात.

मी महाडजवळ, सावित्रीच्या काठी वाढलो. आमच्याकडे बांबूची काठी, गळाला गांडूळ आणि माशाच्या तोंडात मावेल तेवढा मोठा गळ, असं साधं गणित होतं. मोठा मासा हवा तर आमिष मोठं. या नदीवर पहिल्यांदा आलो, तेव्हा हे गणित मी सोबत घेऊनच आलो होतो. दोन दिवस एकही मासा लागला नाही. डोळ्यांसमोर मासे खात होते, आणि माझ्या गळाकडे ढुंकूनही बघत नव्हते.

उत्तर वरच्या अंगाला होतं, धरणात.

[नवाहो धरणाचा मातीचा बांध. खालून बाहेर पडणारं हिरवट, स्वच्छ पाणी.]

नवाहो धरण १९६२ मध्ये पूर्ण झालं. मातीचा बांध, उंची सुमारे १२२ मीटर. नदीत पाणी सोडलं जातं ते जलाशयाच्या खोल थरातून. तिथे ऊन पोचत नाही, म्हणून पाणी उन्हाळ्यात तापत नाही आणि थंडीत गोठत नाही. गाळ वर जलाशयातच बसतो. पूर्वी पावसाळी ओढ्यांनी तांबडी होणारी ही वाळवंटातली नदी धरणाखाली काही मैल काचेसारखी झाली.

पण पाणी असं बाराही महिने एकसारखं राहिलं, की नदीतले किडेही बदलतात. अनेक जातींच्या किड्यांना ऋतूंचा चढउतार लागतो. पाणी तापलं की वाढायचं, निवलं की थांबायचं, अशी त्यांची घडी असते. ती मोडली आणि मोठे किडे मागे पडले. फोफावलं ते चिलट. तळाच्या गाळात आणि शेवाळात, हाताच्या ओंजळीत मोजता येणार नाहीत इतक्या अळ्या. तेच इथल्या ट्राउटचं रोजचं जेवण झालं.

हे सगळं सुंदर दिसतं. पण ट्राउट इथले नव्हेत, हे सांगितल्याशिवाय या नदीचं कौतुक करणं मला जमत नाही. रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्याच्या नद्यांमधला, ब्राउन ट्राउट युरोपातला. इथला खरा राजा होता कोलोरॅडो पाइकमिनो. एकेकाळी तो सहा फुटांपर्यंत वाढायचा. धरण भरण्याआधी नदीत रोटेनोन हे विष सोडून मूळचे मासे मारण्यात आले, ट्राउटसाठी जागा करण्याकरता. जे पुढे टिकले, त्यांना धरणाखालचं थंड पाणी मानवेना. पाइकमिनो १९६७ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. आता त्याची पिल्लं वाढवून खालच्या भागात सोडतात, आणि पाणी पुरेसं असेल त्या वर्षी वसंतात धरणातून ५,००० क्युसेकपर्यंत विसर्ग करतात, जुन्या पुराची आठवण नदीला राहावी म्हणून. त्या दिवसांत इथे पाण्यात उभं राहणं अवघड होतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. नदी आधी त्यांची होती.

[पाण्याखालचं दृश्य. तळातून एक बारीक अळी सुटते, वर तरंगत जाते.]

आता चिलटाकडे नीट बघू.

अळी तळाशी असते. तिची कोषावस्था होते, कातडीखाली वायूचा बुडबुडा धरतो आणि त्याच्या आधाराने ती हळूहळू वर येते. पृष्ठभागाशी येऊन अडते. आपल्याला पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे काहीच नाही, पण एवढ्याशा जिवाला तो ताणलेल्या कातड्यासारखा असतो. तो फोडून, जुनी कात टाकून, पंख मोकळे करून उडायचं, तोवर ते चिलट तिथेच लटकलेलं असतं. ट्राउट नेमका तेव्हा येतो. त्याला घाई नसते, कारण सावज पळणार नसतं. तो नुसतं तोंड उघडतो आणि मिटतो.

आणि इथेच सगळी मेख आहे. एका चिलटात खायला असतं ते किती? त्यासाठी हातभर पोहत जावं, तर मिळालेल्यापेक्षा जास्त खर्च व्हायचं. म्हणून ट्राउट प्रवाहात आपली एक जागा धरतो आणि तोंडासमोरून येईल तेवढंच खातो. वीतभर बाजूने गेलेलं आमिष त्याच्यासाठी नसल्यासारखंच. मी ते दोन दिवस मोठ्या आमिषाने माशाला बोलावत होतो. इथला मासा बोलावल्याने येत नाही. त्याच्या ताटात वाढावं लागतं.

[रात्र. टेबलावर दिवा. व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, पकडलेला गळ, दोन बोटं.]

चिलटाची नक्कल करायला फार सामान लागत नाही. गळावर काळ्या दोऱ्याचा एकच थर, त्यावर तांब्याच्या केसाएवढ्या तारेचे चार-पाच वेढे. झाली अळी. दोऱ्याचा एक वेढा चुकून दुसऱ्यावर चढला तरी अळी जाड दिसते, आणि मग सगळं उकलावं लागतं. गाठ मारताना श्वास रोखून धरतात, ते उगाच नाही.

गळावर बांधलेल्या अशा नकली किड्याला फ्लाय म्हणतात. पाण्यावर बसणाऱ्या चिलटांसाठी वापरतात ती ग्रिफिथ्स नॅट. मिशिगनमधले जॉर्ज ग्रिफिथ यांचं नाव या फ्लायला मिळालं. १९५९ मध्ये त्यांच्याच घरी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था सुरू झाली. अंगाला मोरपिसाचा एक तंतू आणि त्याभोवती कोंबड्याच्या मानेचं पीस. मोरपीस म्हटलं की आपल्याला काय काय आठवतं! इथे त्याचा एक धागा चिलटांचा पुंजका होतो. थंडीत चिलटं पाण्यावर एकमेकांना चिकटून गोळा होतात, तेव्हा ट्राउट तो अख्खा गोळा उचलतो. एवढा घास मात्र त्याला परवडतो.

[नदी. दोरीचं टोक उन्हात क्षणभर चमकतं.]

एवढ्या गळाच्या डोळ्यातून जाड दोरी ओवता येत नाही. शेवटचा धागा ७एक्स, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. ही एक्सची भाषा रेशमाच्या काळातली आहे. तेव्हा हा धागा रेशीमकिड्याच्या ग्रंथींपासून काढत, आणि बारीक करण्यासाठी भोकांतून ओढत. आज नायलॉन आहे, पण मोजमाप तेच राहिलं.

धागा इतका नाजूक, की मासा लागल्यावर हिसका दिला तर तुटतोच. काठी फक्त उचलायची. झोपलेल्या मुलाच्या अंगावरची चादर सारखी करावी, तशी.

[तो माणूस दोरी टाकतो. फ्लाय वाहत येते. दोरीचा बाक तो काठीने वरच्या अंगाला उचलून ठेवतो.]

प्रवाहाने दोरी ओढली की फ्लायही ओढली जाते, आणि खरं चिलट कधी असं ओढत जात नाही. म्हणून तो दोरी सैल ठेवतो आहे. त्याच्या पायांमागे बघा, दोन ट्राउट येऊन थांबलेत. बुटांनी तळ ढवळला की अळ्या सुटतात, हे त्यांना माहीत आहे. मुद्दाम पाय घासून त्यांना जमवायला इथे बंदी आहे. तो पाय हलवत नाही.

पुन्हा तेच वर्तुळ. फ्लाय त्याच्या वरच्या अंगाला वीतभर, मग चार बोटं, मग...

काठी वर गेली.

[दोरी ताठ. मासा खालच्या अंगाला धावतो. रीळ वाजते.]

आता बळ लावायचं नाही. तो पळेल तेव्हा दोरी द्यायची, थांबेल तेव्हा घ्यायची. आठ-दहा मिनिटं जातात.

[जाळीत रेनबो ट्राउट. अंगावर गुलाबी पट्टा.]

गळाला उलटा दात नाही, तसा नियमच आहे इथे. चिमटीत धरून फिरवला, की तो वरच्या ओठाच्या कडेतून निघून येतो. मासा पाण्यातच आहे. तोंड प्रवाहाकडे. कल्ले उघडतात, मिटतात. हाताला त्याच्या अंगाचा जोर परत आलेला जाणवतो, आणि मग हातात फक्त पाणी उरतं.

तो गळ उन्हात धरून बघतो आहे. तारेचा एक वेढा सुटला आहे. खिशातून डबी काढतो, दुसरा घेतो. थंडीने बोटं वळत नाहीत. धागा गळाच्या डोळ्यात जायला चार वेळा चुकतो.

[पाचव्यांदा ओवला जातो. पलीकडे आणखी एक वर्तुळ.]