मॉनिटर कोंबडी

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘घरगुती फीडरची कोंबड्यांना सवय लावणे’. गच्चीवर वांगी-टोमॅटो लावणाऱ्या आपल्या मंडळात हा विषय कशाला, अशी कुजबूज मघाशी चहाच्या रांगेत माझ्या कानावर आली. मुंबईत कोंबड्या पाळतं कोण? बोरिवलीच्या जेटीवरून बोट धरा आणि एक रात्र आमच्या गोराईत काढा, पहाटेच उत्तर मिळेल. मनोरीत पाळतात, वरळी कोळीवाड्यात पाळतात, आरेच्या पाड्यांवर तर पाळतातच. त्याच आरेत केंद्र सरकारची कुक्कुटपालनाची संस्था आहे. पुढच्या रांगेतल्या माना हलल्या नाहीत म्हणजे माहीत नव्हतं. शिवाय तुम्ही ज्या खताच्या मागे असता ना, ते कोंबडीच्या विष्ठेचंही होतं. फक्त ताजं घालू नका, झाड करपतं. आधी चांगलं कुजवा.

आता मूळ दुखणं. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. पण उथळ ताटलीत घातलंत तर सांडते किती! तिला मक्याचा दाणा हवा असतो. त्यासाठी ती चोचीने बाकीचा भरडा डावी-उजवीकडे उडवते, मग ताटलीत उभी राहून पायाने उकरते, आणि शेवटी तिथेच... जेवणाची वेळ आहे, पुढचं सांगत नाही. सांडलेलं कोंबडी पुन्हा खात नाही असं नाही, पण चिखलात मिसळलेला भरडा कोण टिपणार? तो टिपायला रात्री घूस येते. पैसे जातात त्याचं मला एवढं वाटत नाही, घुशीचं वाटतं. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, पसरतो. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर या शहराने तो पाहिलाय, त्यामुळे इथे वेगळं भाषण नको.

तर सांडू नये म्हणून बादलीचा फीडर केला आणि आडवे आले आमचे भाऊजी. आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. माणूस देवासारखा, पण हाताला स्वस्थता नाही. सकाळी चहा झाला की ओटीवरून मूठभर कणी अंगणात भिरकावणार. ‘वहिनी, कोंबडी उकरून खाते. तिला बादलीत तोंड घालायला काय लावता?’ मुद्दा अगदीच चुकीचा नाही. उकरणं हा तिचा स्वभाव आहे, त्यासाठी पाचोळ्याचा ढीग द्यावा, तसा मी दिलाय. पण अंगणात फुकटची कणी पडत असताना नवीन बादलीकडे कोण ढुंकून बघेल? मी फळ्यावर गणित घालावं आणि खिडकीतून कुणीतरी चिंचा फेकाव्यात, तसला प्रकार. बोलावं तर म्हणतात, ‘मुक्या जिवांना घालणं पुण्य आहे.’ पुण्याचं म्हणाल तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये कबुतरांना दाणे घालणं थांबवायला पालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तेव्हा... नको, या सभागृहात दोन्ही बाजूंची माणसं बसली आहेत. (हशा) शेवटी कणीचा डबा मी कपाटात कुलपात ठेवला. भाऊजींनी दुसऱ्या दिवशी पोहे काढले. मग दुपारी साडेतीनला पाचोळ्यात एक वाटी दाणे टाकायचं काम त्यांच्याकडे दिलं. सकाळी मात्र अंगणात काहीही नाही. आता साडेतीन वाजता कोंबड्यांपेक्षा तेच आधी हजर असतात.

घड्याळ दाखवू नका हो, मलाही शेवटची बोट गाठायची आहे. आता भरभर.

फीडर म्हणजे रंगाची वीस लिटरची बादली, स्वच्छ धुतलेली, झाकणासकट. तळापासून थोडं वर भोक पाडून तीन इंची पाइपाचा एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड, बसवायचा, आतलं तोंड खाली वळवलेलं. कोंबडी मान आत घालून खाते, उडवलं तरी आतच पडतं. मोठ्या तुऱ्याच्या कोंबड्याला एल्बोही मोठा लागतो. भोकं निदान दोन, समोरासमोर, नाहीतर दांडगी कोंबडी दारात बसते आणि गरीब उपाशी राहते.

हे दांडगेपण नीट टिपून ठेवलं नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डरुप-एब्बे यांनी, १९२१ साली. कोणी कोणाला चोच मारायची, याची कळपात उतरंड असते. आणि माझं म्हणणं एवढंच, की वर्गाला शिकवू नका, मॉनिटरला शिकवा. उतरंडीतल्या वरच्या कोंबडीकडे बाकीच्या बघत असतात.

आधी बादली जुन्या भांड्याशेजारी नुसती ठेवा, कोंबड्या तिला बुजतात. बुजणं गेलं की एल्बोच्या तोंडाशी ओळखीचे दाणे ठेवा, वरून कलिंगडाचा लाल तुकडा. पहाटे त्या सर्वांत भुकेल्या असतात, म्हणून पहिलं खाणं बादलीतच. मॉनिटर आत मान घालू लागली की दाणे थोडे आत सरकवा आणि जुन्या भांड्यातलं रोज कमी करा. एकदम काढून घेऊ नका. जागाही बदलू नका. संध्याकाळी खुराड्यात घेताना प्रत्येकीची गळ्याखालची पिशवी चाचपा. भरलेली लागली तर ती शिकली, रिकामी लागली तर तिला त्या दिवशी वेगळं खायला घाला. उपाशी ठेवून शिकवणं मला शाळेतही पटलं नाही.

अंधारात कोंबडी खात नाही, तेव्हा रात्री एल्बोला बुचं लावा. पावसाळ्यात बारीक भरडा ओल धरून अडकतो, म्हणून दोनच दिवसांचं घाला. बुरशी धरलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, असू शकतं. ते उन्हात वाळवून जात नाही, तो मका फेकायचाच. भोकं कुठल्या आरीने पाडायची ते जेटीकडे चालता चालता सांगते. यायचं असेल त्यांनी चपला घाला.